अंब्रोझीच्या हृदयासाठी

लेओकादिया पिर्कानं एकतीस वर्षं शाळेत मुलांचे कोट सांभाळले. शाळेच्या तळघरात कोटखोली, तिथं चारशे मुलांचे चारशे कोट, आणि त्यातले तीनशे निळे. तिला कुणी खुंटीच्या नंबराचा बिल्ला दाखवायची गरज नसे. मूल दाराशी दिसलं की हिचा हात बरोबर त्याच्या खुंटीकडे जायचा. कुणाच्या खिशाला भोक आहे, कुणाचा कोट थोरल्या भावाचा उतरवलेला आहे, कुणाच्या खिशात बापाच्या सिगारेटी आहेत, सगळं तिला ठाऊक. पण इतक्या वर्षांत कुणाच्या खिशातली गोष्ट तिच्या तोंडून बाहेर पडली नाही.

हे आधी सांगते, कारण मी तशी नाही. मी लुद्विका. तिच्याच जिन्यात राहते, मी पहिल्या मजल्यावर, ती दुसऱ्या. आठवड्यातून दोन दिवस चर्चच्या ऑफिसात बसून मिस्सांची, म्हणजे उपासनांची, वही लिहिते. कुणाला मेलेल्या नवऱ्यासाठी मिस्सा हवी असते, कुणाला मुलाच्या परीक्षेसाठी. मी नाव लिहिते, हेतू लिहिते, शनिवारी त्याचा कागद टाइप करून दाराजवळच्या काचेच्या फळ्यावर लावते, आणि रविवारी फादर तो वाचून दाखवतात. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला मान्य आहे. फादरनी मला दोनदा बजावलंय, "लुद्विकाबाई, लोक सांगतील तेवढंच लिहा, पदरचं काही घालू नका." ही गोष्ट तिसऱ्या वेळची, आणि ती फादरना अजून माहीत नाही.

लेओकादिया निवृत्त झाली त्याच वर्षी शाळेनं जीवशास्त्राच्या वर्गातली जनावरं काढून टाकायचं ठरवलं. मासे बाईंनी नेले, कासव एका मुलीनं नेलं, गिनीपिग उरला. तपकिरी-पांढरा, एक कान दुमडलेला, कुणी हात लावला की पेंढ्यात तोंड खुपसणारा. तिनं तो बुटांच्या खोक्यात घालून घरी आणला. त्या दिवशी सात डिसेंबर होता. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानावर त्या दिवसाच्या संताचं नाव होतं, अंब्रोझी, आणि तिनं तेच ठेवलं. तिनं लग्न केलं नव्हतं, मागे-पुढे कुणी नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की वर तिच्याकडे काहीतरी शिट्ट्या मारतं.

मी त्याला 'तुझा उंदीर' म्हणायचे. एकदा जिन्यात शेजारच्या इमारतीतल्या एका बाईवरून म्हटलंही, "माणसाला हृदयाच्या डॉक्टरची तारीख आठ-आठ महिने मिळत नाही आणि लोक मांजरांना इस्पितळात नेतात. लाज कशी वाटत नाही!" लेओकादिया हातात पिशवी घेऊन उभी होती. ती तशीच वर गेली. पिशवीत औषध होतं, हेही मला नंतरच कळलं.

अंब्रोझी तिसऱ्या वर्षी आजारी पडला. फ्रिजचं दार उघडलं की शिट्टी मारायचा, ते बंद झालं. ढोबळी मिरचीचा तुकडा पुढे धरला तरी मान फिरवायचा. लुब्लिनमध्ये अशा छोट्या जनावरांची एक डॉक्टरीण आहे, बसनं तासाभराचा रस्ता. तिनं फोटो काढला आणि सांगितलं, हृदय मोठं झालंय, फुप्फुसात पाणी धरतंय. दोन औषधं दिली: एक हृदयाला जोर देणारं, एक पाणी उतरवणारं. सकाळी सातला, संध्याकाळी सातला, बिनसुईच्या पिचकारीनं ओठाच्या कोपऱ्यातून, थेंब थेंब, उताणा न करता. वेळ चुकवायची नाही. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, आणि झोपला की मिनिटाला श्वास किती ते मोजायचं. जिन्यात विचारलं तर ती सांगायची, गुडघ्यांसाठी लुब्लिनला जाते. मी तिला गुडघ्यांना लावायला कोबीची पानं नेऊन दिली. तिनं ती घेतली आणि अंब्रोझीला घातली असतील.

ऑक्टोबरात ती ऑफिसात आली. हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले.

"मिस्सा सांगायची होती."

"कुणासाठी गं?"

"अंब्रोझीसाठी. आजारी आहे. त्याचं हृदय... मोठं झालंय."

एवढंच म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. माझं पेन जागच्या जागी थांबलं. सहासष्ट वर्षांची, जन्मात कुणा पुरुषाचं नाव न घेतलेली बाई! आणि अंब्रोझी म्हणजे? आमच्या गावात त्या नावाचा एकच माणूस उरला होता, अंब्रोझी दुदेक, आमच्याच जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर. साखर कारखान्यात चाळीस वर्षं बिटाच्या गाड्यांचं वजन करणारा. बिटात मिसळलेले दगड काट्यावर चालू न देणारा, कुणाला नमस्कार न करणारा, ईस्टरला जेवणाची टोपली आशीर्वादाला आणणं सोडलं तर चर्चला न फिरकणारा. मी मनात म्हटलं, घ्या! काखेत कळसा नि गावाला वळसा. एका जिन्यात राहून मला पत्ता नाही.

ती गेल्यावर मी वहीत लिहिलं: 'अंब्रोझी दुदेक यांच्या हृदयाच्या आरोग्यासाठी.' दुदेक तिनं सांगितलं नव्हतं. मी घातलं. देवाकडे पत्ता चुकायला नको म्हणून घातलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे लोकांना कळावं म्हणून घातलं. संध्याकाळपर्यंत तीन बायकांना सांगून झालं होतं, आणि तिघींनाही बजावलं होतं, "पण कुणाला बोलू नका हं."

रविवारी फादरनी कागद वाचला. लेओकादिया दुसऱ्या रांगेत होती. तिची मान खाली गेली ती मिस्सा संपेपर्यंत वर आली नाही. बाहेर सायकली लावतात तिथं तिनं मला गाठलं, बाही धरली.

"लुद्विका, दुदेक कुठून आला?"

"म्हणजे? मग कोण?"

"माझा अंब्रोझी. घरातला."

मला उमगायला वेळ लागला. "तो... उंदीर?"

"गिनीपिग," ती म्हणाली.

मी हसले. सायकलच्या सीटचा आधार घेऊन हसले. ती हसली नाही. "जनावरासाठी अशी मिस्सा सांगायची नसते, माहीत होतं मला," ती म्हणाली. "म्हणून नुसतं नाव सांगितलं. खोटं नाही बोलले, गप्प राहिले. मला लाज वाटत होती गं. तुझ्यापुढेच वाटत होती. आता फादरना सांग आणि आडनाव काढून टाक."

सांगते म्हणाले, पण सांगितलं नाही. फादर विचारणार, आडनाव घातलं कुणी? आणि मग वही माझ्या हातातून जाणार. साठीनंतर बाईच्या हातात एवढी एक वही असते, जिच्यामुळे लोक तिला दार उघडतात.

सोमवारी दुदेक लेओकादियाच्या दारात उभा. दाढी केलेली, टाय बांधलेला, हातात स्वतः घातलेल्या अळंब्यांच्या लोणच्याची बरणी. बेकरीत कुणीतरी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "बाई, माझं हृदय बिघडलंय हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

तोच बोलत राहिला. "दोन वर्षं झाली. इस्पितळानं गोळ्यांचा कागद दिला, तो ड्रॉवरमध्ये टाकला. म्हटलं, कुणासाठी घ्यायच्या? आता तुम्ही मिस्सा सांगितलीत. म्हटलं, परकी बाई माझ्यासाठी देवाशी बोलते, तर आपण निदान गोळी तरी गिळावी. आजपासून चालू केल्या."

तो गेल्याबरोबर ती खाली माझ्याकडे धावत आली. चेहरा पांढरा. "मी सांगणार त्याला. हे पाप आहे."

"वेडी आहेस का?" मी म्हणाले. "सांगितलंस तर गोळ्या खिडकीबाहेर जातील. गिनी-डुकरासाठी झालेल्या मिस्सेवर फुललेला माणूस! कुठं तोंड दाखवेल? त्याचा जीव मोठा की तुझा संकोच?"

किती शहाणपणाचं बोलले, नाही? तिला पटलं. मी त्याच्या जिवाचं नाव घेऊन माझी कातडी वाचवत होते, हे तिला त्या दिवशी कळलं की नाही कोण जाणे. मला कळत होतं.

मग दुदेक रोज संध्याकाळी सहाला यायला लागला. पत्ते खेळायचे, चहा प्यायचा, टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेतल्या लोकांना मूर्ख म्हणायचं. लेओकादियाचं आयुष्य दोन बाजूंनी ओढलं जाऊ लागलं. त्याच्यासमोर अंब्रोझीला अंब्रोझी म्हणता येईना, म्हणून त्याचं नाव झालं क्लुस्का, आपल्या उकडलेल्या पिठाच्या गोळ्यावरून. औषधाच्या बाटल्यांवर लुब्लिनच्या डॉक्टरणीनं ठसठशीत अक्षरात अंब्रोझी लिहिलेलं, म्हणून त्या मैद्याच्या डब्यामागे. सातचा ठोका पडला की ती खुर्चीत चुळबुळ करायची. दुदेक आठला उठायचा, कधी साडेआठला. मग पिचकारी बाहेर यायची.

"त्याच्या तोंडावर त्याला दुसऱ्या नावानं हाक मारते," एकदा ती मला म्हणाली. "तो वर बघतच नाही गं." मला हसू आलं होतं. मी गिळलं.

दुदेक वजनवाला माणूस. एकदा त्यानं क्लुस्काला दोन्ही हातांत धरून तोललं आणि म्हणाला, "बाई, ही भरतेय. पण खाऊन नाही. बीट भिजलं की असं जड लागतं. हिच्या अंगात पाणी आहे." लेओकादिया उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "आज त्याला सांगते." मी म्हणाले, "सात तारखेपर्यंत थांब. त्याचा नामदिन आहे, निदान तो नासवू नकोस."

नामदिनाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या दिवशी, आमच्याकडे बोलावणं लागत नाही. ज्याला आठवतं तो जातो. त्या वर्षी सगळ्यांना आठवलं, माझ्या कागदामुळे. दुदेकच्या खोलीत चौदा माणसं. त्यानं हेरिंग मासा मांडला होता, केक आणला होता, आणि लेओकादियाला आपल्या शेजारी बसवलं होतं. खाली बुटांच्या खोक्यातून आलेल्या दुसऱ्या अंब्रोझीचाही तोच दिवस. सात वाजले तेव्हा ती उठायला लागली. मी टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. "बस. लोक काय म्हणतील? यजमानीणबाई निघाल्या म्हणतील." ती बसली. साडेसातला पुन्हा उठली, तर दुदेकनं ग्लास उचलला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्या बाईनं माझी आठवण ठेवली, तिच्या नावानं!" आता कशी उठणार? ती घरी गेली तेव्हा नऊ वाजायला आले होते. दीड महिना वेळ चुकतच होती, त्या दिवशी हद्द झाली.

सकाळी तिनं माझं दार ठोठावलं. अंगावर घरातला गाऊन, हातात टोपली. अंब्रोझी अंग फुगवून बसला होता, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. बस दहाला होती. गाडी जिन्यात एकाकडेच, दुदेकची जुनी श्कोडा.

त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. "क्लुस्का? चला," म्हणाला आणि काचेवरचा बर्फ खरवडायला लागला. मी मागे बसले. ती पुढे, टोपली मांडीवर, कोटाच्या आत हात घालून. तासभर ती श्वास मोजत होती आणि तो रस्त्यावरचे खड्डे चुकवत होता.

दवाखान्यात तिनं खिडकीशी जाऊन हळूच काहीतरी सांगितलं आणि आमच्या शेजारी येऊन बसली. समोर एक बाई ससा घेऊन बसलेली. पाचेक मिनिटांनी आतलं दार उघडलं, हिरव्या कपड्यांतली नर्स हातातल्या कागदात बघत मोठ्यानं म्हणाली, "हृदयाचा पेशंट, अंब्रोझी! आहे का अंब्रोझी?"

दुदेक उठून उभा राहिला.

"मी," तो म्हणाला. मग इकडे-तिकडे पाहून टोपी काढली. "मीच अंब्रोझी. पण मला कशाला..."

ससेवाली फस्सकन हसली. नर्स म्हणाली, "तुम्ही नाही हो आजोबा! गिनीपिग. अंब्रोझी पिर्का."

लेओकादिया उठली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, पण टोपलीत जीव घुसमटत होता. ती आत गेली. दार बंद झालं.

दुदेक तसाच उभा होता, टोपी हातात. मग हळूहळू खाली बसला. चाळीस वर्षं त्यानं लोकांची लबाडी काट्यावर पकडली होती. ही पकडायला त्याला पाऊण मिनिट पुरलं.

"मिस्सा," तो म्हणाला. "ती याच्यासाठी होती."

मी ससेवालीकडे पाहिलं.

"ठीक आहे. जनावर आजारी, बाई एकटी. समजू शकतो. पण लुद्विकाबाई, फळ्यावर माझं आडनाव होतं. डुकराला आडनाव असतं का?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "वही तुम्ही लिहिता."

त्याच क्षणी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. समोर भिंतीवर सशाच्या दातांचं चित्र होतं, त्याच्याकडे बघत मी म्हणाले, "मला काय माहीत? सांगितलं ते लिहिलं."

असं म्हणाले. बंद दारापलीकडे जी बाई कुणाच्या खिशातलं काही बाहेर बोलली नाही, तिच्या गळ्यात मी माझं घोंगडं टाकलं. आजही तो आवाज कानात आला की मी एकटी असले तरी मान खाली घालते.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. इंजेक्शन दिलं होतं, प्राणवायूच्या पेटीत ठेवलं होतं, श्वास उतरला होता. सातचं औषध आठ-नऊला का, म्हणून डॉक्टरणीनं तिला बाहेर ऐकू येईल इतकं झापलं होतं.

दुदेक उठला. आवाज शांत, पण टोपी पिळवटलेली. "बाई, एकच विचारतो. माझं आडनाव का सांगितलंत? या म्हणतात, तुम्ही सांगितलंत ते लिहिलं."

लेओकादियानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. कोट घ्यायला आलेल्या मुलाकडे पाहावं तसं. कुणाचं काय आहे ते तिला बरोबर कळलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"हो, मीच सांगितलं," ती म्हणाली. "दोघांसाठी सांगितली होती मिस्सा. याचं नाव घ्यायची लाज वाटली, म्हणून तुमचं पुढे केलं. तुम्ही जिना चढताना माझ्या दारासमोर थांबता, कठड्याला धरून. मला आतून ऐकू येतं. श्वास मोजायची सवय झालीय मला. याच्यापेक्षा तुमचा जास्त लागतो. तेव्हाच दार उघडून विचारायला हवं होतं. नाही विचारलं. माफ करा मला."

यातलं किती खरं आणि किती खोटं, हे दुदेकनं तोललं असणारच. मग त्यानं टोपली तिच्या हातातून घेतली, आत डोकावून म्हणाला, "काय रे नाववाल्या? माझ्या नामदिनापायी तुला औषधावाचून ठेवलं होय?" आणि तिला म्हणाला, "सात म्हणजे सात. यापुढे मी धरीन, तुम्ही पिचकारी द्या."

आणि तसंच झालं. रोज संध्याकाळी दुदेक टॉवेलात गुंडाळून धरायचा, ती थेंब थेंब द्यायची, आणि मग तो खिशातून स्वतःची गोळी काढायचा. अंब्रोझी पुढच्या एप्रिलपर्यंत जगला. फ्रिजजवळची शिट्टी पुन्हा खाली माझ्या घरात ऐकू यायला लागली. लेओकादिया त्या दिवसाबद्दल मला एक अक्षर बोलली नाही. जिन्यात भेटली की पूर्वीसारखीच बोलते, उरलेलं सूप आणून देते. तिनं मला एकदा तरी फैलावर घ्यावं म्हणून मी वाट पाहिली.

शेवटी मला राहवेना. एका संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेले, वाक्य पाठ करून. आडनाव मी घातलं, लेओकादियानं सांगितलं नव्हतं, तुमच्यासाठी मिस्सा कुणीच सांगितली नव्हती. जिन्यावर तीनदा म्हणून पाहिलं.

दुदेकनं दार उघडलं. टेबलावर आठवड्याच्या वारांची गोळ्यांची डबी, शेजारी पाण्याचा ग्लास. चेहऱ्यावर रंग होता. "या, या लुद्विकाबाई! काय काम काढलंत?"

मी त्या डबीकडे पाहिलं. वाक्य घशापर्यंत आलं होतं. बोलले असते तर मी हलकी झाले असते, आणि दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेला कागद परत ड्रॉवरमध्ये गेला असता.

"मीठ," मी म्हणाले. "घरातलं मीठ संपलं. चमचाभर द्या."

"चमचाभर कशाला?" तो आत गेला आणि अख्खी बरणी घेऊन आला. "सगळंच न्या. मला आता बंद आहे, लेओकादियाबाई रागावतात." बरणी माझ्या हातात देताना तो जरा घुटमळला. "आणि ऐका. त्या दिवशी दवाखान्यात मी तुम्हाला उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं, वाईट वाटून घेऊ नका. सांगितलं तेवढंच लिहिणारं माणूस हल्ली मिळतं कुठं?"

मी बरणी घेऊन जिना उतरले. घरात मिठाची दोन पाकिटं न फोडलेली पडली होती.